मानेच्या मणक्यातला छर्रा

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण सौंदडच्या पुढच्या जंगलातलं ते प्रकरण मनातून गेलेलं नाही. गोंदिया जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि मी ठाणेदार होतो.

मोहफुलं वेचायला गेलेला एक शेतकरी मृतावस्थेत सापडला. अस्वलानं मारलं, असं सोबतच्या मित्राचं म्हणणं. मान आणि छाती फाटलेली होती. अकस्मात मृत्यूची नोंद करून आम्ही पंचनामा उरकत होतो, तेवढ्यात मृताची बायको जवळ येऊन हळूच म्हणाली, "साहेब, सकाळी जंगलातून धडाम आवाज आला जी. अस्वल काय बंदूक घेऊन फिरते?"

प्रेत गोंदियाला सरकारी दवाखान्यात नेलं. ड्यूटीवर एक तरुण डॉक्टरबाई होत्या. मी त्यांना ऐकलेलं सांगितलं. त्यांनी जखमा नीट पाहिल्या. "एवढ्या खोल जखमा आणि रक्तस्राव जवळजवळ नाही. या मेल्यानंतरच्या वाटतात. चिरण्याआधी एक्स-रे काढू."

एक्स-रे विभागात कुरकूर झाली. जिवंत पेशंट खोळंबलेत, मुर्द्याचा एक्स-रे कशाला? बाईंनी आवाज चढवला नाही. "पेशंट संपू द्या, मी थांबते," म्हणाल्या आणि थांबल्या. स्ट्रेचर ढकलायलाही त्यांनीच हात लावला.

फिल्म उजेडात धरली, तर छातीत आणि मानेत पांढरे ठिपके. छर्रे. कुठे शोधायचं ते ठाऊक झाल्यामुळे शवविच्छेदनात ते नेमके हाती लागले. एक थेट मानेच्या मणक्यात रुतला होता.

ठाण्यात मित्र अस्वलाचंच सांगत राहिला. मी फिल्म त्याच्यापुढे धरली. "अस्वलाकडे छर्रे कुठून आले?"

तो फिल्मकडे बघत खाली बसला. "झुडूप हाललं जी. मले डुक्कर वाटलं. भ्यालो, मंग विळ्यानं फाडलं, अस्वलाचं वाटावं म्हनून." नळीतून दारू आणि छर्रे ठासून भरायची विनापरवाना भरमार बंदूक त्यानेच नाल्याकाठून काढून दिली. पुढे कोर्टात वकिलांनी खूप घोळवलं, पण डॉक्टरबाईंची साक्ष जराही हलली नाही. शिक्षा झाली.

मला मात्र मित्रानं कबुली दिली त्याच संध्याकाळचा एक प्रसंग जास्त आठवतो. प्रेत ताब्यात घ्यायला आलेल्या बायकोनं विचारलं, "त्यानं मले हाक मारली असन का जी? मले आयकूच नाही आली."

डॉक्टरबाईंनी तिला बाकावर शेजारी बसवून फिल्म दाखवली. मानेतल्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "इथं लागलं. हाक मारायला वेळच मिळाला नाही त्याला. विळ्याच्या जखमा नंतरच्या. त्या त्याला कळल्याही नाहीत."

ती त्या ठिपक्याकडे बघत राहिली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "मंग त्यानं हाकच मारली नाही. माह्याकडून आयकायची राहिली नाही."

त्यानंतर प्रत्येक संशयास्पद मृत्यूत मी एक्स-रेचा आग्रह धरला. पुरावा आपण कोर्टासाठी गोळा करतो खरा, पण त्याची वाट सगळ्यात आधी मृताच्या घरचे पाहत असतात, हे मला त्या डॉक्टरबाईंनी शिकवलं.