मापं घेणारी

रियाधमध्ये पुरुष शिंप्याने बाईचं माप घ्यायचं नाही. जुना ब्लाउज नमुन्याला द्यायचा आणि नशिबावर हवाला ठेवायचा. त्यामुळे २००६च्या आसपास अल मलाझमधल्या आम्हा मराठी बायकांना ती सापडली, तेव्हा लॉटरीच लागली. हैदराबादची, काळी, उंच. अबाया घालून घरी यायची, गळ्यात टेप टाकून म्हणायची, "बाजी, साँस छोड़ो, नहीं तो तंग होता." शरीर पुरुषाचं घेऊन ती जन्मली होती. व्हिसा पुरुष शिंप्याचा, दिवसभर दुकानात शर्ट-पँट घालून मशीन चालवायची. हे तिने फक्त मला सांगितलं होतं. मला ती बाईच वाटायची. आजही वाटते.

एकदा आमच्याकडे येताना पोलिसांनी तिला अडवलं. अंगावर अबाया आणि इकाम्यावर, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्यावर, पुरुषाचा फोटो. पुरुषांच्या कोठडीत टाकलं. तिथे तिचे काय हाल होतील हे सांगायला ज्योतिषी नको होता. दुकानातल्या कारागिराने मला फोन केला. कफील, म्हणजे तिला व्हिसा देणारा अरब मालक, तिला सोडवून लगेच मायदेशी पाठवायला तयार होता. फक्त ती घरी येऊन शिवणकामच करायची, असं कुणा गिऱ्हाइकाच्या नवऱ्याने त्याला सांगायला हवं होतं. बायकांचा शब्द चालणार नव्हता.

त्या शुक्रवारी तीन कुटुंबं आमच्याकडे जेवायला होती. मी सगळ्यांसमोर विषय काढला.

"शी! त्याने माझं माप घेतलं?" एक मैत्रीण किंचाळली.

"तिने," मी म्हणाले. "आत्ता घातलायस तो ब्लाउजही तिचाच. बसलाय ना नीट?"

तिचे यजमान बँकेत साहेब. ते रश्श्यात बोटं बुडवून बसले. बाकीच्या दोघांना एकदम मुलांच्या शाळेची काळजी वाटू लागली. मी नवऱ्याकडे वळले.

"अहो, तुम्ही बोला."

"परक्या पुरुषाने माझ्या बायकोची मापं घेतली, हे मी त्या अरबाला सांगू? उद्या आपलाच इकामा गेला तर?"

"गोरी मडम अडकली असती, तर वकिलातीत धावत गेला असतात!"

मीच कफीलला फोन लावला. "व्हेअर हजबंड?" एवढंच तो विचारत राहिला. मी फोन नवऱ्यापुढे धरला. त्यांनी हात पाठीमागे घेतले. असा संताप मला त्यांचा पूर्वी कधी आला नव्हता.

"खलास," कफील म्हणाला आणि फोन बंद झाला.

कारागिराचा नंतर एकदाच फोन आला. तिचं डोकं भादरलं होतं. कोठडीतल्या पुरुषांबद्दल सांगता सांगता तो रडायला लागला.

गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. आमच्या लोकांची तर गरजही सरली नव्हती. पंधरवड्यातच त्या मैत्रिणीने विचारलं, "भाचीचं लग्न आलंय गं. घरी येऊन माप घेणारी कुणी बाई आहे का?"

"आहे की," मी म्हणाले. "पुरुषांच्या कोठडीत आहे. तुझ्या यजमानांना पाठव, घेऊन येतील."