शब्द अर्थासकट

"अर्थ सांग, मंग शब्द तुजा," असं म्हणून मावशी ठोकळ्यांवर तळहात ठेवायची. तो हात बाजूला करायची कुणाची टाप नव्हती.

चौक गावची ही कोळीण आमच्या नवघरच्या सोसायटीत मासे विकायची. पाटी रिकामी झाली की दर बुधवारी आम्हा बायकांच्या शब्दखेळात बसायची. खेळ साधा. डब्यातून अक्षरांचे दोन ठोकळे काढायचे, ती दोन्ही अक्षरं असलेला शब्द सांगायचा, वर अर्थही. एकदा 'क' आणि 'ल' निघाले. मी डोकं खाजवतेय तोवर ही म्हणाली, "कोलीम! एवडीशी बारीक कोलंबी. काल माज्याकडून घेतलीस, खाल्लीस, नि नाव न्हाय ठावं?" सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले, करते काय!

समोरच्या इमारतीत एक निवृत्त सर होते. कोशातल्या शब्दांच्या याद्या घोकून यायचे. गेल्या वर्षी दोन इमारतींच्या सामन्यात त्यांनी आमच्याकडून खेळणाऱ्या मावशीचे तीन शब्द बाद करवले. "कोशात नाही तो शब्दच नाही!" मावशी डावातून उठली. जिन्यात मला म्हणाली, "हरले त्याचं काय न्हाय गो. पन माज्या आयशीचं बोलनं खोटं हाय का?"

मला भरून आलं, आणि संतापही आला. कमिटीशी कडाकडा भांडून मी नवा नियम करून घेतला. शब्द कोशात नसेल, तर समोरच्या इमारतीतल्या दोन घरांनी तो आपल्या बोलण्यात असल्याची साक्ष द्यायची. सर लगेच कबूल झाले. त्यांच्या इमारतीतून कोण मावशीची बाजू घेणार, असं त्यांना वाटलं असणार.

यंदा गुण बरोबरीत आले. शेवटची अक्षरं निघाली, 'व' आणि 'ल'.

"विलोल!" सर गरजले.

"अर्थ?" मावशीनं विचारलं.

सर छताकडे बघायला लागले. शब्द बाद.

"वलांडी," मावशी म्हणाली. "बांबूच्या दांड्या. बोंबील वाळत घालायच्या."

"कोशात नाही!"

पंचांनी साक्ष मागितली. कुणी हलेना. एवढ्यात मागून सरांची बायकोच उठली.

"अहो, बाल्कनीत तुमचे लेंगे कशावर वाळतात? आपण त्या काठीला वलांडीच म्हणतो ना? मावशींकडूनच उचललाय शब्द."

"हमारे यहाँ भी वलांडीच बोलते हैं," त्यांची गुजराती शेजारीण म्हणाली. मग काय, त्यांची अख्खी रांगच उभी राहिली. आम्ही टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला. जिंकलो की हो, चांगले जिंकलो!

गुडघ्यांमुळे मावशी आता चौकहून येत नाही. मला मात्र ती अजून त्याच संध्याकाळची दिसते. सरांनी गुपचूप तो जाडजूड कोश पुढे केला, शेवटचं कोरं पान उघडलं आणि खिशातलं पेन तिच्या हातात दिलं. तिनं ठसठशीत अक्षरात शब्द लिहिला, पुढे अर्थ लिहिला, आणि कोश त्यांच्याकडे फिरवला.

"बगा सर. आता हाय."