नाल्यापलीकडचा पाऊस

माझ्या मोठ्या जावेची संत्र्याची बाग नाल्याच्या पलीकडे आणि आमची अलीकडे. भावाभावांचं वाटप झालं तेव्हा मीच हट्ट धरून अलीकडची बाग घेतली, कारण विहीर या बाजूला होती. तिच्या वाट्याला एक बोअर आला, तोही उन्हाळ्यात धापा टाकणारा. तेव्हा मी मनातून खूश होते. पाऊस त्या काळी सगळ्या शिवारावर सारखा पडायचा, त्याच्या वाटपाचा विचार कोणाच्या डोक्यातच आला नाही.

आता पाऊस पट्ट्यापट्ट्यानं पडतो. रामाकोना गावाकडून ढग येतात, जावेच्या बागेवर मोकळे होतात आणि नाल्याच्या काठावर थबकतात, जणू माझ्या बांधावर त्यांना कोणी मनाई केली आहे. मोबाईलवर हिंदीत ‘तेज बारिश’ असं लिहून येतं, पण नाल्याच्या कोणत्या बाजूला, ते लिहून येत नाही. आमच्याकडे धूळ उडत असते आणि पलीकडून ओल्या मातीचा वास येतो. सरळ सांगते, माझा जळफळाट होतो.

यंदा दोन्ही घरांनी मृगाचा बहार धरायचं ठरवलं. त्यासाठी झाडांना ताण द्यावा लागतो, म्हणजे मे महिन्यात पाणी पूर्ण तोडायचं. पानं वळतात, गळतात, झाड मेलं की काय असं वाटतं, तरी हात आखडून बसायचं. मग मोठा पाऊस आला की तहानलेलं झाड फुलांनी भरून जातं. वर्षाचं पीक म्हणजे तीच फुलं. ती हुकली की वर्ष हुकलं.

रोहिणी नक्षत्रात पाऊस आला. कुठं आला हे सांगायला नको. पलीकडे झाडांच्या आळ्यांत पाणी साचलं आणि आमच्याकडे चार थेंब, पानांवरची धूळसुद्धा धुतली गेली नाही. मृग लागला तो कोरडाच. जावेची बाग मात्र पांढरी झाली. फुलांचा वास वाऱ्याबरोबर थेट माझ्या स्वयंपाकघरात यायचा, मी खिडकी लावून घ्यायची. सौंसरच्या बाजारात ती भेटली, वांगी निवडता निवडता म्हणाली, "काहून वं, तुयी बाग नाही फुटली का अजून?" साधी चौकशीच होती, पण मला मिरचीसारखी झोंबली.

घरी आल्या आल्या मी ह्यांना म्हटलं, "मोटर लावा."

"पागल झाली का?" हे म्हणाले. "विहिरीत एकदा द्यायपुरतं, एका पाळीचंच पाणी आहे. अर्धवट ओल झाली त फुलं नाही येत, निस्ती पालवी फुटते. सारा ताण फुकट जाईन. थांब जराशी, पाऊस येऊन राहिला."

"कुठी येऊन राहिला? तिकडंच न! साऱ्या गावात तिचीच बाग फुलून राहिली, अन् मी हातावर हात ठेवून पाहू काय?"

दिवसभर आमची वादावादी चालली. शेवटी ह्यांनी वैतागून मोटर लावली आणि मी ती विहिरीचा तळ दिसेपर्यंत बंद करू दिली नाही. आळ्यांत पाणी शिरताना पाहून मला फार बरं वाटलं. आता माझ्याही बागेचा वास तिच्या चुलीपर्यंत जाईल, असं मी ह्यांना ऐकवलंसुद्धा.

फुलं आली नाहीत. कोवळी पालवी फुटली, हिरवीगार, दिसायला सुरेख आणि काही कामाची नाही.

मृग संपत आला तेव्हा जाऊ स्वतः नाला ओलांडून आली. वाटपानंतर तिनं या बाजूला पाय ठेवला नव्हता. तिचा बोअर आटला होता आणि उन्हाच्या झळांनी फुलं गळत होती.

"तुयी बाग त ताणावर आहे," ती म्हणाली. "तुले आता पाणी लागत नाही. विहिरीतून मले एक पाळी दे, तेवढ्यानं फुलं टिकतीन. नशीबवान आहेस वं तू, तुयाकडं पाऊस नाही पडला. मी रोज इकडं पाहून जळून राहिली, का इची झाडं अजून वाट पाहून राहिली अन् मायी आधीच फसली."

तिनं जवळची एक फांदी ओढली, कोवळी पानं बोटांनी चाचपली. मग विहिरीपाशी जाऊन आत वाकून पाहिलं.

"मोटर लावली होती?"

"हो."

"कायले?"

"तुमची फुलं पाहवली नाही, बाई."

ती विहिरीच्या काठावर मटकन बसली. मला वाटलं, आता शिव्या देईल. तिनं फक्त पदरानं तोंड पुसलं. मीही शेजारी बसले. तिची फुलं माझ्या पाण्यावर जगली असती आणि मी धीर धरला असता तर माझीही आली असती. आता दोघींच्याही हाती काही लागणार नव्हतं.

तेवढ्यात रामाकोन्याकडून ढग चढू लागले, चांगले काळे. आम्ही दोघी वर बघत राहिलो. ते तिच्याकडे पडले तर उरलीसुरली फुलं झोडपून पडणार, माझ्याकडे पडले तर नुसती पालवी वाढणार, दोन्ही बागांना सारखंच होतं. तरी मी मनात म्हणत होते, आधी माझ्याकडे पडू दे.