मोतीरामचं इंजन बडनेऱ्याले थांबे

त्या दिवशी सकायी मोतीराम मले म्हणे, "बाई, उशी उंच कर. इंजन चालवून पाहू." एवढं बोलता बोलता दम लागला त्याले. मी म्हटलं, "चाय तर पे आधी."

"चाय अमरावतीले पेईन," म्हणे.

मोतीराम माहा लहाना भाऊ. अकोल्यात नत्थुजी मिस्त्रीच्या दुकानात मोटरा भरे. म्हंजे जळल्या मोटरीची तांब्याची तार काढाची, नवी गुंडायाची, वरून वार्निश लावाचं. आमी बौद्ध झालो त्याच्या पुढच्या साली तो तिथं लागला, तवापासून तेच काम. त्या वार्निशच्या वासात छाती गेली त्याची. डाक्टर म्हणे, हे काम सोडा. पण दुसरं देते कोण? अमरावतीच्या एका शाळेत वर्कशाप होतं. तिथले मास्तर म्हणाले, प्रदर्शनात आपल्या हातचं काही चालवून दाखव, मंग पाहू. तिथं वार्निश नव्हतं. एवढंच पाह्यजे होतं त्याले.

म्हणून त्यानं आगगाडी केली. तेलाच्या डब्याचं इंजन, आत मोटारगाडीच्या वायपरची मोटर. पत्र्याच्या पट्ट्याचे रूळ, फळीवर ठोकले, भिंतीभिंतीनं. दारापाशी अकोला, मंग मूर्तिजापूर, मंग बडनेरा, अन् चुलीपाशी अमरावती, हरेक ठेसनाची पाटी. रुळाले करंट अकोल्यातून, बॅटरीचा.

इंजन अकोल्याहून झकास निघे. बडनेरा सुटलं का घुरघुर करे अन् उभं राहे. अमरावतीले जायाले बडनेऱ्यालेच गाडी बदला लागे, म्हणून मी म्हणो, "त्याले तिथं गाडी बदलाची असन." पह्यले हासे तो. मंग हासनं सोडलं.

वोल्ट अन् करंट मोजाचा मीटर नत्थुजीचा होता, मागून आणलेला. मोतीराम इंजन उचलून खाटेवर ठेवे, अन् मंग मीटरच्या दोन तारा रुळाले टेकवे. काटा बारावर. अकोल्यात बारा, अमरावतीतही बारा. "वोल्ट पूरा हाय, बाई," म्हणे. मंग इंजन चालवून बॅटरीपाशी करंट पाहे. अकोल्यात काटा चांगला राहे, बडनेऱ्यापुढं पडे. "वोल्ट पूरा अन् करंट कमी. मोटरच खोटी हाय. तिथवर जाता जाता तपते."

मोटरा भरणाऱ्याले खोट मोटरीतच दिसन ना. तो मोटर काढे, पुन्हा भरे, पुन्हा वार्निश लावे. घरातच. मी दार उघडं ठेवो, पण वास काई जाये नाई.

तर त्या सकायीही इंजन तिथंच थांबलं. "उचल," म्हणे. मी उचललं. त्यानं खाटेवरूनच तारा टेकवल्या. बारा.

"काढ मोटर. आणखीन एक खेप भरतो."

"उद्या भरजो."

"बरं. उद्या," म्हणे.

मी इंजन परत रुळावर ठेवलं अन् नळावर गेली. पाणी घेऊन आली तर मोतीराम गेल्ता. मीटर पोटावर होता, चाय तशीच.

मोतीरामचं पुण्यानुमोदन झाल्यावर नत्थुजी मीटर न्याले आले. इंजन बडनेऱ्यापुढं तसंच उभं होतं.

"चाले काय हे?"

"बडनेऱ्यालोक. पुढं नाई."

त्यायनं बॅटरी जोडली. घुरघुर झाली फक्त. त्यायनं इंजन न उचलता तिथंच रुळाले मीटरच्या तारा टेकवल्या. काटा चारावर.

मी म्हटलं, "मोतीरामच्या हातून तर बारा राहे."

"इंजन उचलून मोजे काय?"

"हो. तुमीच तर शिकवलं. मोटर सोडवल्याबिगर मीटर लावाचा नाई."

नत्थुजी रुळाकडंच पाह्यत राहिले. "गिऱ्हाइकाची मोटर जळू नाई म्हणून म्हणतो आमी तसं, माणिकबाई." मंग रुळापाशी बसत म्हणाले, "बोजा नसला का काटा पूराच दाखवते. बोजा आल्यावर समजते कुठं कच्चं हाय ते."

ते बोटानं रूळ चाचपत गेले. बडनेऱ्यापाशी दोन पट्ट्या एकावर एक होत्या, खिळा ढिला, खाली जंग. त्यायनं तिथं अंगठा दाबला.

इंजन चाललं. चुलीकडं, अमरावतीकडं निघालं. मोटरीत काईच खोट नव्हती.

"पाहा, जाऊन राहिलं," नत्थुजी म्हणाले.

मी म्हटलं, "सोडा."

त्यायनं अंगठा उचलला. इंजन उभं राह्यलं. मंग त्यायनं तारा गुंडाळल्या, मीटर पिशवीत टाकला अन् दारातून जाता जाता अकोल्याची पाटी पायानं पडली ती उचलून नीट लावली.