तेवीस फाइली काढल्या

प्रोग्रामच्या मदतीचं पान कोणी वाचत नाही, असं म्हणणाऱ्यांशी मी कायम भांडत आले आहे. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून चालवायचे जे प्रोग्राम असतात, त्यांत बटणं नसतात, चित्रं नसतात. माणसाला आधार एकच, ते पान. डावीकडे पर्याय, उजवीकडे तो काय करतो याची एक ओळ. शितावरून भाताची परीक्षा करावी तशी मी या पानावरून प्रोग्रामची करते. अशी पानं मी नंदनवन वस्तीतल्या घरी बसून मराठीत आणते, आणि चांगली आणते. उगाच विनय नको.

या कामात भाषेइतकाच त्रास रकान्यांचा. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक घर. आपले उकार, मात्रा, अनुस्वार प्रोग्राम वेगळे मोजतो आणि पडद्यावर त्यांना घर लागतच नाही, म्हणून उजवा रकाना वाकडातिकडा होतो. लांब ओळ तर तुटून थेट डावीकडच्या पर्यायांखाली जाऊन बसते. मला ते बघवत नाही. घराणं विणकरांचं, वाकडी रेघ आमच्या डोळ्यांत खुपते. म्हणून मी शब्द छाटत असे. एका पर्यायापुढे ‘जुन्या फाइली काढून टाकते’ असं लिहिलं होतं, ते थोडंसं बाहेर जात होतं. मी ‘काढून टाकते’चं ‘काढते’ केलं. ओळ मापात बसली आणि मी खुशीत चहा ठेवला.

हा प्रोग्राम स्कॅन केलेली चित्रं सांभाळायचा. तो मी पारशिवनीला बाबांच्या कॉम्प्युटरवर घालून दिला. बाबा तरुणपणी मागावर बसले, मग कचेरीत कारकून झाले. तिथं काळ्या पडद्यावर टाइप करून त्यांचा हात बसलेला, पण इंग्रजीशी त्यांचं कधी जमलं नाही. आजोबांनी आलेखाच्या कागदावर आखलेले साडीच्या काठांचे नमुने त्यांनी निवृत्तीनंतर स्कॅन करून ठेवले. मूळ कागद पुढे वाळवीनं खाल्ले. म्हणजे आजोबांच्या हातचं जे काही उरलं होतं, ते सगळं त्या एका फोल्डरात.

उमरेडच्या एका विणकर बाईंनी ते जुने काठ बघायला मागितले. बाबांनी मदतीचं पान उघडलं, माझी ओळ वाचली, हुकूम दिला आणि मला फोन केला.

“तेवीस फाइली काढल्या म्हणते. पण ठेवल्या कुठं? दिसून नाही राहिल्या.”

प्रोग्रामच्या उत्तरातला तो ‘काढल्या’ही माझाच. कपाटातून साडी काढतात, त्या अर्थानं बाबांनी ते वाचलं होतं. आणि का वाचू नये? बँकेतून पैसे काढतो तेव्हा ते आपण फेकून देत नाही. वीस वर्षं शब्दांत घालवून मला हे दिसलं नव्हतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

“बाबा, आता कशालेच हात लावू नका. मी येऊन राहिली.”

दोन दिवस मी तिथं ठाण मांडलं. पुसलेल्या फाइली शोधायची होती नव्हती ती सगळी साधनं लावली आणि सतरा नमुने परत मिळवले. ते जमतं मला. सहा मात्र गेले ते गेलेच. त्यांच्यासाठी मी मोरीत जाऊन रडले.

मग बाबांच्या समोरच ती ओळ बदलली: ‘जुन्या फाइली कायमच्या पुसते. त्या परत मिळत नाहीत.’ दोन ओळी झाल्या, तर झाल्या. पुसण्याआधी प्रोग्रामनं एकदा विचारावं, असं तो लिहिणाऱ्यांनाही ठणकावून कळवलं.

एवढं करूनही माझा जीव शांत होईना, आणि चूक आपली असली की माणूस चिडतो तशी मी बाबांवरच चिडले.

“हर गोष्टीले मले फोन करता, मंग याच्यासाठी काहून नाही केला?”

बाबा रागावलेले नव्हते. उरलेले सतरा काठ एकेक करून बघत होते.

“इंग्रजीत असतं तं केला असता वं,” ते म्हणाले. “तुह्या मराठीत होतं, म्हणून नाही केला.”