पाणी मागायला जाण्याऐवजी

थोरल्या भावाने रांधलेली वांग्याची भाजी खारट झाली, हे त्याला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. मी ते चुलतभावाच्या मुलीच्या लग्नात, भर पंगतीत सांगितलं. वर, "दादा, पुढच्या खेपेले समुद्रच वाढजो," असंही म्हणालो. पंगत हसली, दादा हसला नाही. दोन महिने बोलणं बंद.

आता माझ्याच मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आठ दिवसांवर आलं होतं, आणि तिने जाहीर केलं, "मोठे बाबा नाई आले तं मी पाटावर बसत नाई."

आमच्या घराण्यात माफीची रीत सोपी आहे. ज्याची चूक त्याने दुसऱ्याच्या घरी जायचं आणि पाणी मागायचं. पाणी मिळालं की विषय संपला. आमच्या नालवाडीहून दादाची आंजी काही लंका नाही. पण मी पडलो सुशिक्षित. मी मोबाईलमधल्या एआयला विचारलं.

तो फार सभ्य निघाला. समुद्र वगळून मी माझी बाजू सांगितली, तर म्हणाला, "तुम्ही अत्यंत संवेदनशील व्यक्ती आहात." बत्तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य आमच्या घरात कोणी उच्चारलं नव्हतं. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्याले आठ दिवस आपल्या घरी राहाले बोलवा."

मग त्याने मजकूर लिहून दिला: "आदरणीय बंधू, त्या प्रसंगी आपल्या भावना दुखावल्या असल्यास मी दिलगीर आहे. आपल्या सोयीनुसार मोकळा संवाद साधण्यास मी उत्सुक आहे." वाचून माझेच डोळे भरून आले. लगेच पाठवला.

तासाभरात वहिनीचा फोन. "काऊन हो भाऊजी, वकील लावला का? हे तं सातबारा काढून बसले. म्हणतात, थो वाटणी मांगून राह्यला."

घाबरून मी पुन्हा सल्लागाराकडे धावलो. त्याने पाच मुद्दे दिले. तिसरा होता, भावाला थोडा वेळ द्या. दोन महिने मी दुसरं काय देत होतो? तरी तो मुद्दा मला आवडला, कारण त्यात उठावं लागत नव्हतं. खरं सांगणारा माणूस हवा, असं मी चारचौघांत नेहमी म्हणतो. खरं तर हवा होता ‘हो’ म्हणणारा, आणि तो खिशातच सापडला.

बायकोने गाडीची किल्ली पुढे केली. "मोबाईलले तहान लागत नाई. तुमीच जा."

आंजीला दादा ओसरीत बसला होता. सातबारा खरंच मांडीवर.

"दादा, पाणी दे."

"वकिलाले मांग."

"वकील नाई, मोबाईल होता."

"पंगतीत काय बोल्ला, थे सांगतलं त्याले?"

"नाई."

"मंग थो कायचा शहाणा, लेका!"

तो उठला, आत गेला आणि स्वतःच लोटा भरून आणला. पहिल्याच घोटाला कळलं, त्यात मूठभर मीठ होतं. वहिनी दारातून पदर तोंडाला लावून बघत होती.

"कसं हाय?" दादाने विचारलं.

"बराबर हाय," म्हणालो आणि लोटा रिकामा केला.

त्याने सातबाऱ्याची घडी घातली. "साक्षगंधाले पाव्हणे किती? भाजी मीच करतो."

"वांगी मी आणतो," मी म्हटलं. मिठाचं कोणीच काही बोललं नाही.