फोडणी बंद होती ते दिवस

"आण ते सूप इकडे," हे त्यांचं कुठल्याही घरातलं पहिलं वाक्य. नमस्कार नाही, ओळख नाही. चपला काढायच्या, दारातच बैठक मारायची आणि घरच्या बाईपुढचं सूप ओढून घेऊन तुरीतले खडे वेचायला लागायचं. सूप नसेल तर लसूण. लसूण नसेल तर शेंगा. हाताला काम लागलं की मान खाली ठेवूनच विचारायचं, "हं, बोल वं. लेकरू कसं हाय?"

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. परक्या घरात शिरतात आणि दोन मिनिटांत तिथलीच होऊन जातात. आपण मात्र खुर्चीच्या टोकावर बसलेले असतो, आणि आपल्यासाठी मुद्दाम विसळलेल्या पेल्यात पाणी आलेलं असतं.

त्या होत्या आरोग्य उपकेंद्रातून निवृत्त झालेल्या नर्स. संग्रामपूर तालुक्यात सगळे त्यांना नर्सबाई म्हणायचे. आमच्या अभ्यासात घरं दाखवायला म्हणून त्यांना घेतलं होतं. प्रश्न विचारायचं काम माझं होतं.

अभ्यास एका मेंदूच्या आजाराचा होता. लहानपणी गोवर होतो, मूल बरं होतं, सगळे विसरतात. पण क्वचित एखाद्याच्या मेंदूत तो विषाणू दबा धरून राहतो आणि काही वर्षांनी मुलाच्या हातून पेन्सिल पडायला लागते. मग पाढे विसरतात. मग अंगाला झटके बसतात. बरं करणारं औषध नाही. गोवराची लस गावोगाव पोचल्यावर असे नवे रुग्ण दर वर्षी कमी होतात का, हे आम्हाला वर्षानुवर्षं मोजत राहायचं होतं. टॅबवर सातवा प्रश्न होता, गोवर झाला होता का? उत्तर 'हो' आलं तरच मूल पुढच्या तपासणीला जाणार आणि मोजलं जाणार.

पहिल्या दिवशी मी तो प्रश्न दोन घरांत विचारला. "नाही मॅडम." "नाही मॅडम." तिसऱ्या घरी नर्सबाईंनी लसूण सोलता सोलता मध्येच विचारलं, "काय वं, हा लहान असताना घरातली फोडणी कधी बंद होती?"

त्या आईचा हात थांबला. "होती ना. पाच दिवस. हा रांगतही नव्हता तवा. कपाशी निघून राह्यली होती."

मी 'हो'वर बोट ठेवलं.

रस्त्यात त्यांनी मला समजावलं. "इकडे गोवर म्हनत नाही, पोरी. माय आली म्हनतात. घरी आलेल्या पाव्हनीले रोग म्हनशीन काय तू? ते दिवस तेल कढवत नाही, फोडणी नाही, दाराले लिंबाचा डहाळा. तू रोग इचारते. ते कायले सांगतीन तुले?"

बरोबर होतं. बरोबर होतं म्हणूनच मला झोंबलं. इंग्रजी शाळेत मला कधीच कुणी चुकीचं ठरवलं नव्हतं. इथे माझी भाषा शुद्ध होती, कपडे साधे होते, मी सगळ्यांना अहो-जाहो करत होते, तरी बायका माझ्याकडे बघून पदर सावरायच्या आणि बाईंकडे बघून रडायच्या. वरवट बकालच्या एका मुसलमान घरात त्यांनी तेच हिंदीत विचारलं, "भाभी, बघार कितने दिन बंद था?" आणि ती भाभी त्यांचा हात धरून अर्धा तास बोलली. निघताना ती मला म्हणाली, "आप भी आना." त्या 'भी'नं मी दिवसभर पोळत होते.

एकदा नर्सबाई आल्या नव्हत्या. मी धीर करून एका घरी सूप मागितलं. त्या बाईनं घाईघाईनं ते पाठीमागे सरकवलं. "राहू द्या मॅडम, हात खराब होतीन तुमचे." मी फोडणीचं विचारलं, तर ती गोंधळली. "काऊन मॅडम? गॅस मिळून राह्यला ना आम्हाले."

मी हे बाईंना सांगितलं तेव्हा त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "तू परीक्षेत इचारल्यावानी इचारलं असन!" मग डब्यातली भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली. मी ती खाल्ली. राग तसाच राहिला.

महिन्याच्या बैठकीत मोठे डॉक्टर पडद्यावर यायचे. एकदा त्यांनी विचारलं, "या मुलांना गोवर झाला होता हे कशावरून?"

"कार्ड नाही सर," मी म्हटलं. "नर्सबाई वेगळंच काहीतरी विचारतात, त्यावरून लिहिलंय."

यात एकही शब्द खोटा नव्हता. फोडणीचा अर्थ मात्र मी सांगितला नाही. मला तो सांगता येत होता, आणि तो ऐकला असता तर सरांनी त्याचा प्रश्नावलीत समावेश केला असता, हेही मला माहीत होतं. सरांनी त्या सगळ्या नोंदी बाजूला काढायला सांगितल्या. आता घरं माहीत झालीच आहेत, तेव्हा बाईंची गरज नाही, असंही ठरलं.

त्यांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. "हाव, कागद तं पाह्यजेच," त्या म्हणाल्या. जराही कडवटपणा नव्हता. उलट जाताना सांगून गेल्या, "वरवटले त्या शाळेमागच्या घरी जाय. पोरगी लिहिता लिहिता थांबते म्हने. मायले इचारू नको, ते घाबरट हाय. आजीजवळ बस." मग त्या हिवरा आश्रम या गावी लेकीकडे राहायला गेल्या.

मी त्या घरी गेले. आजी शेतात होती. मी आईलाच विचारलं. मुलगी नऊ वर्षांची, कपाट धरून उभी होती, दर थोड्या वेळानं तिची मान हलकेच खाली जायची आणि पुन्हा वर यायची. "गोवर? नाही मॅडम." मी पुन्हा विचारलं. "नाही." मी म्हटलं, तरी मोठ्या दवाखान्यात दाखवा. ती म्हणाली, "हो मॅडम." पुन्हा गेले तेव्हा घराला कुलूप होतं.

वर्षाअखेरीस आलेख आला. आमच्या तालुक्याची रेषा सुरेख खाली उतरली होती. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. ती रेषा का उतरली, हे त्या खोलीत मला एकटीलाच कळत होतं.

संध्याकाळी मी बाईंना फोन केला. सगळं सांगायचं ठरवूनच केला. पण सुरुवात कुठून करावी ते सुचेना, म्हणून म्हटलं, "बाई, आपल्या तालुक्याचा आलेख आला. आकडा कमी दाखवतोय."



"कमी झाले? लेकरं कमी झाले?" त्यांचा आवाज फुटला. "खरंच सांगून राह्यली ना वं? मले वाटे, माह्या जिवंतपनी काही हे थांबत नाही."

"बाई, ऐका ना…"

पण त्या ऐकायला फोनवर नव्हत्या. फोन कुठेतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग लांबून त्यांचा आवाज, आधी लेकीला, मग बहुधा दारातून शेजारणीला, "अवं ऐकलं काय! आमच्याकडले दुखन्याचे लेकरं कमी झाले! हाव, आमच्या मॅडमनं सांगितलं आत्ता!" शेजारीण काहीतरी म्हणाली. बाई हसल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागल्या.

इतकं मनापासून खूश होता येतं, याचाही मला हेवा वाटला. मी फोन कानाला धरून उभी राहिले. त्या परत येऊन तो उचलतील, मग मला सांगावं लागेल. त्या तिसऱ्यांदा सांगत होत्या, आता आणखी कुणालातरी.